कर्करोगाचे उपचार चालू असताना: ताट आणि चालणे

तंजावरचे मराठा राजे शरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी तिथे धन्वंतरी महाल उभारून औषधोपचारांना राजाश्रय दिला. त्या गावातल्या मराठी घरांत आज कुणाला केमोथेरपी सुरू झाली, की पहिला प्रश्न असतो: खायचं काय?

उपचारांच्या काळात वजन आणि स्नायू घटू न देणे महत्त्वाचे. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. कावेरीकाठच्या ताटात भात भरपूर, प्रथिने मात्र मुद्दाम वाढवावी लागतात: डाळ, इडली, अंडी, मासे, उडदाच्या पिठाची डांगर पचडी. तोंड आले असेल तर चिंच-मिरची टाळून मऊ दहीभात. मळमळत असेल तर थोडे थोडे, अनेकदा. पांढऱ्या पेशी कमी असताना रात्रभर भिजवलेला शिळा भात नको. ताजे, नीट शिजवलेलेच खावे. कडक उपास टाळावेत. साखर सोडल्याने गाठ उपाशी मरते, हा गैरसमज आहे.

पूर्ण विश्रांतीने थकवा उलट वाढतो. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणे आणि दोनदा हलके ताकदीचे व्यायाम पुरतात. तंजावरच्या उन्हात सकाळ-संध्याकाळच बरी. ताप, चक्कर, प्लेटलेट कमी किंवा हाडांत पसरलेला रोग असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.