पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि ख्यालगायिकेची भूमिका : डॉ. प्रभा अत्रे यांच्या मारूबिहाग-कलावतीच्या संदर्भात

प्रस्तावना

शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात कलावंताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला विशेष महत्त्व असते. मैफल त्या रात्रीपुरती असते. ध्वनिमुद्रिका मात्र कलावंताला न पाहिलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचते आणि पुनःपुन्हा ऐकली जाते. किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका डॉ. प्रभा अत्रे (1932-2024) यांची मारूबिहाग व कलावती या रागांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका 1970 च्या दशकाच्या प्रारंभीच्या काळातील असून, ती आजही संगीताच्या अभ्यासकांमध्ये आवर्जून ऐकली जाते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ख्यालगायिकेला कोणते निर्णय घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांचे संगीतशिक्षणावर कोणते परिणाम होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कालमर्यादा आणि ख्यालाचे स्वरूप

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणास 1902 मध्ये कोलकाता येथे गौहरजान यांच्या गायनाने चालना मिळाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. त्यामुळे विलंबित लयीतील बढत जवळजवळ वगळावी लागे आणि बंदिश, थोडा आलाप व काही ताना एवढ्यावर राग आटोपता घ्यावा लागे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ आणि पुढे हिराबाई बडोदेकर यांची कीर्ती तबकड्यांमुळे दूरवर पोहोचली, हे खरे. परंतु त्यांच्या मैफलीचा विस्तार त्या तबकड्यांत येणे शक्य नव्हते.

अमेरिकेत 1948 मध्ये मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका आली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. भारतात तिचा प्रसार झाल्यावर बडा ख्याल व त्यास जोडून छोटा ख्याल अशी मांडणी ध्वनिमुद्रणात शक्य झाली. तथापि वीस-पंचवीस मिनिटे म्हणजे तासाभराच्या मैफलीचे लहान रूप नव्हे. काय ठेवावयाचे, काय गाळावयाचे आणि रागाचे स्वरूप किती लवकर उघड करावयाचे, याचा निर्णय गायिकेस आधीच करावा लागतो. या अर्थाने दीर्घ ध्वनिमुद्रिका ही संपादनाची कृती ठरते.

पाश्चात्त्य गायनाशी तुलना

हा निर्णय किती मूलभूत आहे, हे पाश्चात्त्य अभिजात गायनाशी तुलना केल्यास स्पष्ट होते. सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठातील सर्वांत उंच पल्ल्याचा आवाज. अशा गायिकेच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सामान्यतः संगीतकारांनी लिहून ठेवलेल्या रचना असतात आणि गायिकेचे कर्तृत्व त्या रचनेच्या अर्थनिर्णयात पाहिले जाते. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो यांच्या आवाजासाठी ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी अनेक रचना लिहिल्या. तेथे संगीतकार आवाजाला अनुरूप रचना देतो. ख्यालात मात्र बंदिश हा केवळ आधार असतो. तिच्यावरील सर्व उभारणी गायिकेस स्वतः करावी लागते. त्यामुळे ख्यालगायिकेची पहिली ध्वनिमुद्रिका आवाजाचा परिचय करून देतेच, शिवाय तिचा सांगीतिक विचारही प्रकट करते.

रागांची निवड व सरगमचा प्रश्न

प्रभा अत्रे यांचा जन्म पुण्याचा. विज्ञान व कायदा या शाखांचे शिक्षण घेत असतानाच सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्यांची तालीम झाली. अमीर खाँ यांच्या ख्यालगायनाचाही त्यांच्यावर प्रभाव होता.

मारूबिहागात दोन्ही मध्यम येतात आणि आरोहात ऋषभ व धैवत वर्ज्य असतात. कलावतीत ऋषभ व मध्यम पूर्णतः वर्ज्य असून निषाद कोमल असतो. कर्नाटक पद्धतीतील वलची या रागाशी त्याचे साम्य आहे. एका रागात दोन मध्यमांचा नाजूक तोल, तर दुसऱ्यात अवघे पाच स्वर. मर्यादित वेळेत दोन भिन्न स्वभावांचा परिचय घडविणारी ही जोडी आहे. शिवाय मारूबिहागातील द्रुत बंदिश प्रभाताईंचीच असल्याने गायिकेबरोबर रचनाकारही श्रोत्यासमोर येते.

यापेक्षाही लक्षणीय बाब म्हणजे या गायनातील सरगम. सरगमने श्रोत्याचे लक्ष भावाकडून व्याकरणाकडे वळते, असा आक्षेप जाणकारांकडून घेतला जात असे. प्रभाताईंची भूमिका याहून वेगळी होती. आलाप व तान यांप्रमाणेच सरगम ही रागविस्ताराची स्वतंत्र सामग्री आहे, असे त्यांनी मानले आणि डॉक्टरेटसाठी याच विषयावर प्रबंध लिहिला. सा, रे, ग, म या अक्षरांना स्वतःचा आघात असतो. त्यामुळे आकारात न साधणारे लयबंध सरगममध्ये स्पष्ट उमटतात. पहिल्याच दीर्घ ध्वनिमुद्रिकेत वादग्रस्त अंगाला स्थान देणे यात जोखीम होती. मैफलीत श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून गायिकेस मार्ग बदलता येतो. ध्वनिमुद्रिकेत ती सोय नसते.

अध्यापनाच्या दृष्टीने

वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला ख्यालाची पहिली ओळख मैफलीपेक्षा ध्वनिमुद्रणातून होण्याचीच शक्यता अधिक असते. अशा वेळी ध्वनिमुद्रिका गुरूची जागा घेऊ लागते. तिचा लाभ उघड आहे. मात्र एकच सादरीकरण शेकडो वेळा ऐकल्याने तेच रागाचे अंतिम रूप होय, असा समज दृढ होतो. गायिकेने त्या दिवशी केलेली निवड विद्यार्थ्याला नियम वाटू लागते आणि ख्यालाचा प्राण असलेली उपज मागे पडते. सरगमचेही तसेच आहे. विचारपूर्वक स्वीकारलेले अंग पाठ करून म्हटले, की त्याची केवळ लकब उरते.

यावर उपाय ध्वनिमुद्रिका टाळणे हा नव्हे. तोच राग अन्य घराण्यांच्या कलावंतांकडून ऐकविणे, कोणते अंग गाळले गेले याची विद्यार्थ्यांकडून नोंद करवून घेणे आणि त्याच बंदिशीवर स्वतंत्र विस्तार करावयास लावणे, या पद्धतीने ध्वनिमुद्रिकेचे चिकित्सक श्रवण साधता येते.

निष्कर्ष

पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ही मैफलीची प्रतिकृती नसून गायिकेने जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका असते. मारूबिहाग-कलावतीच्या ध्वनिमुद्रिकेत ती रागांच्या निवडीतून, स्वतःच्या रचनेतून आणि सरगमच्या स्वीकारातून व्यक्त झाली आहे. परंपरेत राहून स्वतंत्र विचार करणे हा या ध्वनिमुद्रिकेचा खरा धडा आहे. तिचे हुबेहूब अनुकरण करणारा विद्यार्थी नेमक्या त्याच धड्यास मुकतो.