पेज टेबलवरचा घाला

संगणकातल्या प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, सगळी मेमरी आपलीच. त्याने मागितलेला पत्ता खऱ्या रॅममध्ये कुठे आहे, हे ठरवतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याची नोंद पेज टेबलमध्ये असते. नेहमीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर मेमरी ४ केबीच्या पेजेसमध्ये विभागलेली असते आणि एका पेज टेबलात ८ बाइटांच्या ५१२ नोंदी मावतात. कोणत्या पेजवर कोणाला लिहिता येईल, हेही तिथेच ठरतं. म्हणून या तक्त्याला हात लावायची मुभा फक्त कर्नलला.

२०१५ साली गूगलच्या मार्क सीबॉर्न आणि थॉमस डुलियन यांनी लिनक्सवर ही भिंत भेदून दाखवली, तीही कर्नलच्या कोडमधली एकही चूक न वापरता. रॅमची एक ओळ लाखो वेळा वाचत राहिलं, की शेजारच्या ओळीतला एखादा बिट उलटू शकतो. याला रोहॅमर म्हणतात. अशी कच्ची जागा आधी हेरायची. मग एकच फाइल पुन्हा पुन्हा मॅप करून, म्हणजे दर वेळी नव्या पत्त्यांना जोडून, रॅम पेज टेबलांनी भरून टाकायची. त्या जागी आलेल्या नोंदीतला बिट उलटला, की नोंद भलत्याच पेजकडे बोट दाखवते, आणि ते पेज बहुधा दुसरं पेज टेबलच असतं. आता साधा प्रोग्राम हव्या त्या नोंदी लिहू शकतो. सगळी मेमरी त्याच्या ताब्यात.

रॅम अधिक वेळा रिफ्रेश केली, बिटांच्या चुका सुधारणारी ईसीसी रॅम वापरली, तर धोका घटतो, संपत नाही. दोष चिपमध्ये आहे. त्याची मुख्य जबाबदारी रॅम बनवणाऱ्यांनीच घ्यायला हवी.