जीप उचलली, मग ही घरघर कसली?

एपिसोडच्या सुरुवातीला आठ सेकंदांचा जो आवाज आहे, तो वाचणाऱ्यांनी मिक्सरमध्ये चटणी फिरतेय असा समजा. ती माझी जुनी एमएम ५४० जीप, पाम बीच रोडवर, ताशी ६० ला. पावसाळ्यात चिखलात घालायची म्हणून मागच्या पाट्यांना लांब शॅकल लावून घेतले. गाडी उंच झाली आणि घरघर सुरू.

टायर बॅलन्स केले, पैसे गेले, घरघर तिथेच. शेवटी कळंबोलीत ट्रकचं काम करणारे एक मिस्त्रीकाका खाली सरकले आणि म्हणाले, "शाफ्ट सरळ आहे रे, कोन बिघडलाय."

गिअरबॉक्सकडून मागच्या हौसिंगला फिरकी नेणारा लांब पाइप म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. दोन्ही टोकांना क्रॉस. क्रॉसची खोड अशी, की कोनात फिरताना तो एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा रेंगाळतो. १० अंशांवर हा फरक दीड टक्का, २० अंशांवर सहाच्या आसपास. शाफ्ट मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ६० झटके! पहिला क्रॉस घोळ घालतो, दुसरा निस्तरतो. पण दोघांचे कोन सारखे असतील तरच.

कोन मोजायला तुमच्या हातातला फोन पुरतो. लेव्हलचं ॲप उघडा, कव्हर काढा. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी हवी, चाकांना दगड लावलेले. जॅकवर हौसिंग लोंबकळत असेल तर आकडा खोटा येतो.

माझे आकडे असे: गिअरबॉक्सचं टोक मागे ३ अंश उतरतं, शाफ्ट १५, पिनियन ८. म्हणजे पुढचा क्रॉस १२ अंशांवर, मागचा ७ वर. फरक ५. लांब शॅकलने पाट्याचं मागचं टोक खाली ढकललं आणि हौसिंगने नाक वर केलं होतं.

उपाय म्हणजे पाटा आणि हौसिंगच्या मध्ये ५ अंशांची पोलादी पाचर. मी ती उलटी बसवली! फरक ५ चा १० झाला, आरशात मागचा ट्रक आहे की बस तेही कळेना. फिरवून बसवली, पिनियन ३ वर आला, दोन्हीकडे १२. घरघर गेली.

पण १२ हा कोन मोठाच. ट्रकवाले शक्यतो ३ च्या आत ठेवतात, आणि शून्यही नको, कारण क्रॉसमधल्या सुया हलायला थोडा कोन लागतो. पुढे डबल क्रॉसचा शाफ्ट टाकलात तर हिशेबच बदलतो: मग पिनियनचं नाक थेट शाफ्टकडे रोखायचं.

आणि हो, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला नाही म्हटलंय. आधी आरटीओत विचारा. मी नंतर विचारलं. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक धावत्या गाडीखाली रस्त्यात रुतलं तर काय होतं, ते काकांनी सांगितलं तेव्हा माझा चहा तसाच राहिला. सध्या मूळ शॅकल शोधतोय.