जुन्या ट्रकची चावी आणि पंधरा नंबरची तार

नागपूरहून निघालेला ट्रक साकोली, देवरी, राजनांदगाव करत दुर्ग-भिलाई ओलांडतो आणि चरोद्याला पोचतो. इथे रेल्वेचं भिलाई मार्शलिंग यार्ड आहे, विजेच्या इंजिनांची शेड आहे आणि गावाला लागून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. जुने ड्रायव्हर त्याला अजून सहा नंबरच म्हणतात. पोलाद कारखान्यातल्या प्लेटा आणि वायर रॉड याच रस्त्याने विदर्भात येतात. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला 1955 मध्ये, आणि त्याच्या आदल्याच वर्षी टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बनवायला घेतले. जुन्या टाटाच्या वायरिंगमध्ये जर्मन वळण दिसतं, त्याचं मूळ तिथे आहे.

हे वळण म्हणजे आकडे. चावीच्या मागे पाहिलं तर 30, 15, 50 असे नंबर कोरलेले सापडतात. बॅटरीतून थेट येणारी, सदैव जिवंत असलेली तार 30 नंबरची. चावी फिरवल्यावर जिच्यात वीज येते ती 15. आणि सेल्फ मारताना तेवढ्यापुरती जिवंत होणारी 50. जर्मनीत ठरलेली ही नंबरपद्धत रिलेवरही चालते, म्हणून बाजारातल्या कुठल्याही साध्या रिलेवर 30, 85, 86, 87 वाचायला मिळतं. वायरिंगचे रंग धुळीने आणि डिझेलने ओळखू येईनासे झाले, तरी हे आकडे मिस्त्रीला रस्ता दाखवतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. त्यामुळे टाटा 1210 सारख्या जुन्या गाडीत ‘इग्निशन’ म्हणजे मीटर, वायपर, इंडिकेटर आणि सेल्फ एवढंच. इंजिन बंद करायला दांडी ओढायची. एकदा सुरू झालेलं इंजिन वीज गेली तरी चालत राहायचं. पुढे डिझेल पंपावर सोलेनॉइड आला आणि गणित बदललं. वीज मिळेल तोवरच डिझेल सोडणारा सोलेनॉइड असेल, तर 15 नंबरच्या तारेवरचा फ्यूज उडताच भरल्या गाडीचं इंजिन चालत्या रस्त्यात बंद पडतं. देवरीच्या पुढच्या जंगलपट्ट्यात, रात्री दोन वाजता, पंधरा-सोळा टन लोखंड पाठीवर असताना हे व्हावं, यासारखा जिवावरचा प्रसंग नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. वर्षानुवर्षं कंपनीतून ट्रक निघायचा तो नुसता काउल आणि चासी. केबिन लाकडाची, बॉडीबिल्डरकडे बांधलेली. कंपनीचं वायरिंग जिथे संपलं तिथून पुढे स्थानिक वायरमनने जोडलं. मग पंखा आला, टेप आला, देवाच्या फोटोभोवतीची रोषणाई आली, मोबाईलचा चार्जर आला. या सगळ्यांना वीज हवी होती आणि हाताशी सापडली ती 15 नंबरची तार. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचं वायरिंग म्हणूनच सारखं सापडत नाही.

फ्यूज वस्तूला वाचवण्यासाठी असतो, असं बहुतेकांना वाटतं. तो तारेसाठी असतो. पंखा जळाला तर नवा घेता येतो. चासीच्या कडेने गेलेली तार तापली तर तिच्याबरोबर अख्खं भेंडोळं आणि लाकडी केबिन पेट घेते. म्हणून फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवावा. भेंडोळ्यात बांधलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर 10 अँपिअरच्या वर न गेलेलं बरं, अडीचच्या तारेवर 15 ते 20. आणि फ्यूजची जागा बॅटरीजवळ, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या टप्प्यात तारेला कोणी वाली नसतो.

भाराचा हिशेब सोपा आहे: वॅटला व्होल्टने भागायचं. ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून 24 व्होल्ट करतात. 70 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे 140 वॅट, म्हणजे सहा अँपिअरला थोडे कमी. याला 10 चा फ्यूज योग्य. फ्यूज नेमक्या आकड्यावर उडतही नाही. पात्याचा फ्यूज 110 टक्के भार तासन्‌तास सोसतो, दुप्पट भाराला मात्र साधारण पाच सेकंदांच्या आत तुटतो. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली की ही सगळी मोजणी संपते. दोन बॅटऱ्या शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओततात, आणि तेव्हा फ्यूजचं काम तारच करते.

रंगांचा घोटाळा याहून वाईट, कारण तो प्रामाणिक माणसाकडून होतो. जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये पिवळा 5 अँपिअरचा, पांढरा 8 चा, लाल 16 चा, निळा 25 चा. 1976 मध्ये अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने आणलेल्या पात्याच्या फ्यूजमध्ये पिवळा 20 चा, लाल 10 चा, निळा 15 चा. जुना बॉक्स काढून नवा बसवताना पिवळ्याच्या जागी पिवळा लावला, तर संरक्षण चौपट सैल झालं.

पेट्रोल गाड्यांत वाद वेगळा आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्याने बनलेली लष्करी जोंगा लिलावात घेऊन हौसेने उभी करणारे आहेत. त्या पिढीच्या कित्येक पेट्रोल गाड्यांत ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या तारेला फ्यूजच नसे. क्षुल्लक कारणाने गाडी अडू नये, हा विचार. विचार चुकीचा नव्हता, पण तेव्हा तार नवी होती. पन्नास वर्षांनी आवरण कडक होऊन तडकलेलं असताना कॉइलला स्वतंत्र फ्यूज हवाच, आणि त्यावर दुसरं काहीही जोडू नये. डिझेलच्या सोलेनॉइडलाही हाच नियम. पंखा-टेपची वेगळी ओळ काढावी, 30 वरून, रिलेमार्गे. 15 ची तार फक्त रिलेला इशारा देईल. सेल्फच्या सोलेनॉइडलाही रिले द्यावा, नाहीतर चावीचे पॉइंट जळतात.

चार्जिंगच्या लाल दिव्याला अनेक जण किरकोळ समजतात. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरला चार्जिंग सुरू करण्यापुरता प्रवाह त्या दोन-तीन वॅटच्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब गेला किंवा त्याचा फ्यूज उडाला, तर अल्टरनेटर धडधाकट असून बॅटरी उतरत जाते. उलटही घडतं: चुकीच्या जोडणीत अल्टरनेटरची वीज त्याच बल्बमधून मागे फिरते आणि चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. तिथे एक डायोड लागतो.

आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. वायरिंग तपासायला तो मुहूर्त चांगला. चावी चालू ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी डिझेलच्या सोलेनॉइडच्या टोकावर टेकवायची. अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक चालतो. एक व्होल्टच्या वर गेला, तर आधी चावीमागचे स्क्रू, मग फ्यूजची पकड, मग केबिनमध्ये शिरताना मारलेला जोड, या क्रमाने पाहत जायचं.