कबुलीचा सौदा

खरें सांगितलेंस तर मार मिळणार नाहीं, असें घरांतील वडील मुलास सांगतात. त्यांत धाक असतो, तसें वात्सल्यही असतें. परंतु हेंच अभिवचन न्यायमंदिरांत दिलें जातें, तेव्हां तें तपासून पाहणें अगत्याचें होय. गुन्हा कबूल करून शिक्षेंत सूट घेण्याच्या या पद्धतीस 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. आम्ही तिला कबुलीचा सौदा म्हणूं.

अमेरिकेंत हा सौदा सर्रास चालतो. तेथील केंटकी राज्यांत १९७३ सालीं एका इसमावर ८८ डॉलर ३० सेंटांच्या बनावट चेकचा आरोप आला. कबुली दिल्यास पांच वर्षांची शिफारस करूं, न दिल्यास सराईत गुन्हेगारांचा कायदा लावूं, असें सरकारी वकिलानें बजावलें. त्यानें नकार दिला आणि त्यास जन्मठेप झाली. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती उचलून धरली. कृत्य तेंच; अंतर केवळ नकाराचें!

आपल्याकडे महाराष्ट्रांतील तेलभेसळीच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं अशा सौद्यांवर कडक टीका केली होती. तरीही ५ जुलै २००६ पासून कायद्यानें त्यास मान्यता मिळाली. आज तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे, तसेच स्त्रिया व बालकें यांच्याविरुद्धचे गुन्हे त्यांतून वगळले आहेत. न्यायाधीश आरोपीस एकांतीं विचारून स्वेच्छेची खात्री करतात. पीडितास भरपाईही मिळूं शकते. हें सर्व स्तुत्य आहे.

परंतु थोडें गणित करूं. साध्या चोरीस कमाल शिक्षा तीन वर्षें. पहिल्याच गुन्ह्याची कबुली दिल्यास न्यायालय तिचा षष्ठांश, म्हणजे सहा महिने, देऊं शकतें. कच्च्या कैदेचे दिवसही त्यांत वजा होतात. उलट, जामीन न मिळालेला निरपराध मनुष्य आपल्या सत्यास चिकटून राहिला, तर खटला लांबल्यास त्याची बंधपत्रावर सुटका एकतृतीयांश, म्हणजे एक वर्ष, भरल्यावर होते. असत्य कबुली देणारा सहा महिन्यांत घरीं, सत्यनिष्ठ वर्षभर कोठडींत! गरिबानें यांतून काय निवडावें? आणि दोषी ठरल्याचा डाग तर जन्माचाच.

सौदा रद्द करावा, असें आम्ही म्हणत नाहीं. अपराध्यास पश्चात्तापाची वाट हवीच. मात्र स्वेच्छेनें कबूल करतोस काय, या प्रश्नाआधीं आणखी एक विचारला जावा: बाबा रे, तूं किती दिवस कोठडींत आहेस? आमच्या वाचकांच्या घरीं कोणी वकील असल्यास त्यानें हा प्रश्न अवश्य ध्यानीं धरावा.