नेस्टेड इव्हेंट लूप

नेस्टेड इव्हेंट लूप म्हणजे डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधील एका इव्हेंट लूपने सुरू केलेले काम पूर्ण होण्याआधीच त्याच्या पोटात चालू झालेला दुसरा लूप. खिडक्या व बटणे असलेला प्रोग्राम कळफलक आणि माऊसच्या घटना एका रांगेतून घेतो. रांगेतील घटना उचलायची, संबंधित फंक्शनकडे द्यायची आणि ते परतल्यावर पुन्हा रांगेकडे वळायचे, हे आवर्तन प्रोग्राम बंद होईपर्यंत चालते. फंक्शनला मध्येच वापरकर्त्याचे उत्तर हवे असल्यास ते संवादचौकट उघडते. उत्तराची वाट पाहतानाही पडदा जिवंत राहावा म्हणून ही चौकट स्वतःचा लूप चालवते. विंडोजमधील मेसेजबॉक्स आणि क्यूटीमधील क्यूडायलॉगचे एक्झेक फंक्शन याच रीतीने काम करतात.

प्रलंबित इनपुट

दोन्ही लूप एकाच थ्रेडवर चालत असल्याने त्यांची रांगही एकच असते. त्यामुळे मुख्य खिडकीवरचे क्लिक आतला लूप उचलतो आणि अर्धवट राहिलेले फंक्शन पुन्हा सुरू होऊ शकते. यास पुनर्प्रवेश म्हणतात. समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉलीचे वजन नोंदवले जात आहे. पावती छापली जाईपर्यंत पडदा गोठू नये म्हणून प्रोग्राम अधूनमधून रांगेतील घटना हाताळतो. पावती येत नाही असे वाटून कारकुनाने बटण पुन्हा दाबले, तर पहिल्या नोंदीच्या आतच दुसरी सुरू होते आणि एकाच ट्रॉलीच्या दोन नोंदी होतात. उत्पादकाचे देणे याच वजनावर ठरत असल्याने ही चूक किरकोळ नाही. व्हिज्युअल बेसिकमधील डूइव्हेंट्सच्या निष्काळजी वापरातून असेच दोष उद्भवतात.

रांग रिकामी करून टाकणे हा सोपा, पण धोक्याचा उपाय आहे. कारकुनाने पुढच्या गाडीचा क्रमांक आधीच टंकलेला असेल तर त्यातील अक्षरे गळतात. सर्व काही जसेच्या तसे पोहोचवणेही सुरक्षित नाही. आधी दाबलेली एंटर कळ, नुकत्याच उघडलेल्या आणि कोणी न वाचलेल्या ‘नोंद पुसायची का?’ या चौकटीला होकार देऊन मोकळी होते. क्यूटीच्या प्रोसेसइव्हेंट्सला वापरकर्त्याचे इनपुट वगळण्याची सूचना देता येते. तेव्हा त्या घटना नष्ट होत नाहीत, पुढील फेरीसाठी राखून ठेवल्या जातात. संवादचौकट उघडी असताना विंडोजमध्ये मूळ खिडकी निष्क्रिय केली जाते. मात्र टायमर व नेटवर्कच्या घटना तरीही येत राहतात, हे अनेकदा विसरले जाते.

विंडोजमध्ये प्रोग्राम बंद करण्याचा संदेश स्वतः लिहिलेल्या आतल्या लूपने घेतला, तर त्याने तो पुन्हा रांगेत टाकावा लागतो. अन्यथा बाहेरचा लूप संपतच नाही. शिवाय सर्वांत आतला लूप परतल्याखेरीज बाहेरचे फंक्शन पुढे सरकत नाही, मग त्याचे उत्तर केव्हाच तयार असले तरी.

या अडचणींमुळे अलीकडे आतला लूप टाळण्याकडे कल आहे. २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ मधून संवादचौकटीसाठी थांबून राहणारे ‘जीटीके डायलॉग रन’ हे फंक्शन काढून टाकण्यात आले. क्यूटीचे दस्तऐवजही एक्झेकऐवजी ओपन वापरण्यास सुचवतात. ओपन लगेच परतते आणि उत्तर आल्यावर चालवायचे फंक्शन वेगळे लिहावे लागते.