माळ्यावर जुनी संगीन सापडली? आधी पातं मोजा, मग कायदा बघा

पेडणे : जुन्या घराचा माळा साफ करताना लांब, गंजलेलं पातं हाती लागतं आणि घरातले त्याला सुरा म्हणून बाजूला ठेवतात. मुठीच्या वरच्या आडव्या पट्टीला गोल कडी आणि मुठीच्या टोकाला खाच असेल, तर तो सुरा नव्हे, बंदुकीची संगीन. कडीतून बंदुकीची नळी जाते, खाचेत बंदुकीवरचा खुंटा बसतो.

पेडणे, डिचोलीचा हा पट्टा पोर्तुगीज आणि ब्रिटिश हद्दीच्या सांध्यावरचा, त्यामुळे इथे दोन्हीकडचा माल भेटू शकतो. पोर्तुगीजांच्या १८८६ च्या क्रोपाचेक रायफलची संगीन सुमारे ४७ सेंटिमीटर पात्याची. पात्याच्या पाठीवर स्टायर या ऑस्ट्रियन कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं. १९०४ च्या व्हर्गेरो रायफलची त्याहून बरीच आखूड, साधारण २८ सेंटिमीटर. ब्रिटिशांची १९०७ ची संगीन १७ इंच पात्याची. भारतात पुढे ती १२ इंचांवर आणली गेली. त्यावर ‘आरएफआय’ दिसलं तर ती बंगालातल्या इशापूर कारखान्याची.

पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. तिथे हुतात्मा स्मारक आहे. अशा वाटेवरच्या घरात मिळालेली संगीन भंगारात किलोवर घालणं बरं नाही. ती कुणाकडून, कधी आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. संग्राहकाला पात्याइतकाच हा कागद मोलाचा वाटतो.

खरी अडचण कायद्याची. ‘शंभर वर्षं जुनी आहे, परवाना कशाला?’ असं सर्रास बोललं जातं. शस्त्र नियम २०१६ मध्ये तलवार, खंजीर, भाले यांच्यासोबत संगिनीचं नाव थेट आहे. पात्याचं माप ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. वरच्या सगळ्या संगिनी त्यात बसतात. दुसऱ्या महायुद्धातली ८ इंची, सळईसारखी संगीन मापात बसत नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. घरात ठेवायला परवाना लागतो की नाही, हे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ खाली तो भाग अधिसूचित आहे का, यावर ठरतं. कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणमूल्य असलेल्या हत्यारांना सूट आहे खरी. पण तिची भाषा बंदुकीच्या अंगाने जाते. तिचा अर्थ आपणच लावून मोकळं होऊ नये. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावं आणि पोच घ्यावी.

सीमेवरच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात. म्हणजे डिचोलीत कपाटात असलेली वस्तू दोडामार्गला गाडीच्या डिकीत सापडली, तर प्रकरण वेगळं होतं. परदेशातून मागवायची तर कलम १० प्रमाणे आयात परवाना हवा. आणि शंभरी ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू परदेशी पाहुण्याला विकून त्याच्यासोबत बाहेर धाडणं पुरावशेष कायदा १९७२ खाली गुन्हा आहे.

बाजारात नकली मालही भरपूर. सगळीकडे एकसारखा भगवा गंज दिसला तर संशय घ्यावा. जुना गंज काळपट आणि ठिकठिकाणी कमी-जास्त असतो. अस्सल असेल तर चिंच, लिंबू, पॉलिश पेपर लावू नका, कोरलेले शिक्के पुसून जातात. शिवणयंत्राचं पातळ तेल मऊ कपड्याने पुसावं आणि पावसाळ्यात पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडं ओल धरतं.